भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (द्वितीय) (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय या चार भागांचा सिद्धांतशिरोमणी हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. सातव्या शतकात आर्यभटीयावर भाष्य लिहिणारे दुसरे एक भास्कर होऊन गेले. त्यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून यांच्या नावापुढे द्वितीय असे लिहिण्याची पद्धत आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केला होता. त्याचा शिलालेख उपलब्ध असल्यामुळे प्राचीन भारतीय गणितज्ञांपैकी ज्यांच्या कुलाची माहिती ग्रंथाबाहेरील पुराव्याने मिळते, अशा अगदी थोड्या व्यक्तींमध्ये भास्कराचार्यांची गणना होते.

जन्म, कुल आणि गाव

आपला जन्मशक, गोत्र, गाव आणि पित्याचे नाव भास्कराचार्यांनी गोलाध्यायाच्या शेवटी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्यावरून त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे शके १०७२ (इ.स. ११५०) मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी रचला, हे निश्चित होते. त्यांचे गोत्र शांडिल्य होते. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात.

हे विज्जडविड नेमके कोणते, याविषयी गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे. नामसादृश्यामुळे काहींनी विजापूरचे नाव पुढे केले. परंतु विजापूर सह्याद्रीपासून बरेच दूर असल्याने ग्रंथातील वर्णनाशी ते जुळत नाही. काहींनी बीडचा पक्ष घेतला, तर खानदेशातील अभ्यासकांचा कल साहजिकच पाटणकडे राहिला. सह्याद्रीच्या पूर्वेकडे गेलेल्या सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी पाटण आहे, ही त्या पक्षाची जमेची बाजू होय. मात्र तेथील शिलालेखात भास्कराचार्यांचा जन्म पाटणला झाला असे कोठेही म्हटलेले नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. राजा जैत्रपालाने लक्ष्मीधर या भास्कराचार्यांच्या पुत्राला याच नगरातून आपल्या सभेत नेले, असे मात्र लेख स्पष्ट सांगतो. म्हणजे निदान पुत्राच्या काळी हे कुल पाटणला नांदत होते. जन्मस्थानाच्या वादापेक्षा ही गोष्ट अधिक पक्की आहे आणि खानदेशाच्या अभिमानाला तेवढी पुरेशी आहे.

पाटणचा शिलालेख

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस डोंगरांच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. आज हा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. तेथील भवानीच्या मंदिरातील लेख प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला आणि १८६५ मध्ये त्यावर लिहिले. पुढे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी त्याचे शास्त्रशुद्ध संपादन केले.

लेखात भास्कराचार्यांच्या मागील व पुढील पिढ्या क्रमाने दिल्या आहेत. कविचक्रवर्ती म्हणून गौरवलेले त्रिविक्रम हे मूळपुरुष. त्यांचे पुत्र भास्करभट्ट यांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. त्यांच्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग भास्कराचार्य असा क्रम आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे यादव राजा जैत्रपालाच्या सभेत पंडितांचे अग्रणी झाले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे जैत्रपालाचा वारस सिंघण याचे मुख्य ज्योतिषी होते. (ज्ञानेश्वरकालीन योगी चांगदेवांशी यांचा काही संबंध नाही.) भास्कराचार्यांनी आणि त्यांच्या कुलातील इतरांनी रचलेले ग्रंथ शिकवले जावेत, यासाठी चांगदेवांनी मठ स्थापन केला आणि पाटणवर सत्ता असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनी त्याला उत्पन्न लावून दिले. हे हेमाडिदेव म्हणजे यादवांचे मंत्री हेमाद्री पंडित नव्हेत.

लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा आणि चंद्रग्रहण यांचा उल्लेख आहे. गणिताने हे ग्रहण ९ ऑगस्ट १२०७ या दिवशी येते. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाच्या दानाचा दिवस सात शतकांनंतर ग्रहणाच्या गणितानेच ठरवता आला, हा एक सुंदर योग म्हणावा लागेल.

मराठीच्या अभ्यासकांना या लेखाचे आणखी एक महत्त्व आहे. संस्कृत श्लोक संपल्यावर दानाचा व्यावहारिक तपशील तत्कालीन मराठीत कोरलेला आहे. पाटणच्या बाजारात विक्रीस निघणाऱ्या मालावर राजघराण्याचा जो हक्क होता तो मठाला दिला, तेलघाण्यांमागे तेलाचा वाटा दिला, अशा नोंदी त्यात आहेत. विद्वत्तेची स्तुती संस्कृतात आणि हिशेब लोकांच्या भाषेत, अशी ही वाटणी आहे. वाणी, तेली आणि गिऱ्हाईक यांना जे समजणे आवश्यक होते ते त्यांच्या बोलीत लिहिले गेले. मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत या ओळींना म्हणूनच मानाचे स्थान मिळाले आहे.

चाळीसगाव तालुक्यातच गिरणाकाठी बहाळ येथे दुसरा एक शिलालेख आहे. तो शके ११४४ (इ.स. १२२२) चा असून त्यात भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा वंश येतो. श्रीपतींचे नातू अनंतदेव हेही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते आणि त्यांनी बहाळला देवीचे मंदिर बांधले. एकाच कुलाच्या दोन शाखांनी एकाच राजाच्या पदरी राहून पंधरा वर्षांच्या अंतराने, एकाच प्रदेशात दोन लेख मागे ठेवले आहेत.

लीलावती

सिद्धांतशिरोमणीचा पहिला भाग लीलावती हा अंकगणित व क्षेत्रमिती यांवर आहे. परिमाणांची कोष्टके, बेरीज-वजाबाकीपासून घनमूळापर्यंतच्या क्रिया, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रफळ, घनफळ, सावलीचे गणित, कुट्टक आणि अंकपाश असे विषय त्यात येतात. नियम श्लोकात, लगेच उदाहरणही श्लोकात, अशी मांडणी आहे. नियम एक-दोन ओळींत संपत असल्याने पाठांतरास सोपा आणि उदाहरण रसाळ असल्याने विसरण्यास कठीण, हे या ग्रंथाच्या लोकप्रियतेचे खरे कारण होय.

काटकोन त्रिकोणाच्या प्रकरणातील कमळाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तळ्यात कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात उभी आहे. वाऱ्याने ती हळूहळू ढळत जाऊन दोन हात अंतरावर पाण्यात बुडाली. तर पाणी किती खोल? देठाची लांबी बदलत नाही हे ओळखले की उत्तर हाती येते. दोनचा वर्ग चार, त्यातून अर्ध्याचा वर्ग पाव वजा केला की पावणेचार उरतात. त्यांना अर्ध्याच्या दुपटीने, म्हणजे एकाने, भागले तरी पावणेचारच. म्हणून पाणी पावणेचार हात खोल आहे. नऊ हात उंच खांबावर बसलेला मोर, खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे २७ हातांवरून येणारा साप, आणि दोघांनी सारखेच अंतर कापून झालेली गाठ, हे उदाहरणही याच प्रकरणातले. मोर सापाला बिळापासून १२ हातांवर गाठतो. शाळेतील प्रमेय शिकवताना ही दोन्ही उदाहरणे आजही जशीच्या तशी वापरता येतात.

अंकपाश म्हणजे मांडणीचे गणित. विष्णूच्या चार हातांतील चार आयुधे किती प्रकारे पालटता येतील, याचे उत्तर २४. शंभूच्या दहा हातांतील दहा वस्तूंचे उत्तर ३६,२८,८००. चारावरून दहावर जाताना संख्या किती झपाट्याने फुगते, हे यात विद्यार्थ्याला सहज कळते.

शून्याच्या बाबतीत मात्र वाचकाने थोडे सावध असावे. ज्याला शून्याने भागले आहे अशा राशीला भास्कराचार्य खहर म्हणतात आणि तिच्यात कितीही मिळवले वा वजा केले तरी ती अविकृत राहते असे सांगतात. ही अनंताची कल्पना आहे. पण शून्याने गुणून पुढे शून्यानेच भागावयाचे असेल तर मूळ संख्या तशीच राहते, असाही नियम ते देतात आणि त्यावर उदाहरण घालतात: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिपटीने वाढवले, शून्याने भागले, तर ६३ आले, संख्या कोणती? त्यांचे उत्तर १४ आहे. शून्याकडे जाणारी अतिसूक्ष्म राशी असा अर्थ घेतला तर हे बरोबर आहे. केवळ शून्य असा अर्थ घेतला तर हा नियम टिकत नाही. ग्रहगणितात अशा सूक्ष्म राशींचा उपयोग होतो, असा त्यांचा स्वतःचा अभिप्राय असल्याने पहिला अर्थच त्यांना अभिप्रेत असावा.

बीजगणित आणि चक्रवाल पद्धत

बीजगणित या भागात धन-ऋण राशी, अव्यक्त संख्या, करणी, वर्गसमीकरणे आणि अनेक अव्यक्तांची समीकरणे येतात. सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे वर्गप्रकृती आणि चक्रवाल यांचे. एका वर्गाला दिलेल्या संख्येने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग आला पाहिजे, असे दोन पूर्णांक शोधणे हा तो प्रश्न होय. सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी दोन उत्तरांवरून तिसरे उत्तर काढण्याची भावना नावाची क्रिया दिली होती, आणि चक्रवालाचा विचार भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितज्ञाने केला होता. म्हणून ही पद्धत सर्वस्वी भास्कराचार्यांची असे म्हणणे बरोबर नाही. तिला निर्दोष, शिकवण्याजोगे रूप देऊन कठीण उदाहरणांवर चालवून दाखवणे हे त्यांचे कार्य.

गुणक ६१ घेतल्यास प्रश्न अतिशय अवघड होतो. आठाचा वर्ग ६४ हा ६१ पेक्षा ३ ने अधिक आहे. येथून आरंभ करावयाचा. मग ७ ही संख्या अशी निवडावयाची की भागाकार निःशेष जाईल आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ राहील. एकाच फेरीत ३९ आणि ५ ही जोडी मिळते: ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, फरक फक्त ४. यानंतर भावनेने पुढे जाता अंतिम उत्तर येते: २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. याहून लहान उत्तर नाही. नेमका हाच प्रश्न फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता. चक्रवाल म्हणजे चाक. आलेले उत्तर पुन्हा त्याच क्रियेत घालून फिरत राहावयाचे आणि अपेक्षित शेष मिळताच थांबावयाचे. संगणकाला दिल्या जाणाऱ्या कार्यक्रमाची घडण याहून वेगळी नसते.

ज्योत्पत्ती

गोलाध्यायातील ज्योत्पत्ती हे प्रकरण लहान असले तरी गणनशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. ज्या म्हणजे आजची साइन. हा संस्कृत शब्दच अरबीत व तेथून भाषांतराच्या चुकीने लॅटिनमध्ये जाऊन साइन झाला. जुन्या ग्रंथांत वर्तुळाच्या पावभागाचे २४ भाग करून, त्रिज्या ३४३८ कला धरून, ज्यांचे कोष्टक देत. भास्कराचार्यांनी दोन कोनांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याचे नियम दिले, १८ व ३६ अंशांच्या ज्या दिल्या आणि एकेका अंशाने ९० ज्यांचे कोष्टक तयार करण्याची कृती सांगितली.

ती कृती अशी: एका अंशाची ज्या त्रिज्येच्या १०/५७३ पट आणि कोटिज्या त्रिज्येच्या ६५६८/६५६९ पट घ्यावी. मग कोणत्याही अंशाची ज्या ठाऊक असता तिच्यातून तिचाच ६५६९ वा भाग वजा करून कोटिज्येचा १०/५७३ भाग मिळवला की पुढच्या अंशाची ज्या तयार होते. मागील पायरीवरून पुढील पायरी काढावयाच्या अशा पद्धतीत चूक साठत जाण्याची भीती असते. भास्कराचार्यांचे दोन अपूर्णांक इतके काळजीपूर्वक निवडलेले आहेत की मधल्या क्रियांत अपूर्णांक न टाकता ९० पायऱ्या केल्या तरी त्रिज्या ३४३८ असलेल्या कोष्टकात कोणत्याही ज्येत एक दशांश कलेएवढीही चूक पडत नाही. जिज्ञासू वाचकाने साध्या गणकयंत्रावर हे स्वतः करून पाहावे.

या कृतीचा आजच्या जलविज्ञानाशी असलेला संबंधही सांगण्याजोगा आहे. समुद्रावरील लाटांचे प्राथमिक गणित एकोणिसाव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ एअरी यांनी मांडले. त्यात पाण्याच्या पृष्ठभागाचा चढउतार ज्या व कोटिज्या यांनी दाखवतात, आणि खवळलेल्या समुद्राचे रूप वेगवेगळ्या लांबीच्या व कालाच्या अशा अनेक लाटांची बेरीज करून मिळवतात. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थांत बंदरांसाठी लाटांचा अभ्यास होतो, तेथे प्रतिकृतींच्या जोडीला अशी संगणकीय गणिते लागतात. प्रत्येक क्षणाची ज्या नव्याने काढण्याऐवजी मागील ज्या व कोटिज्या यांना ठरावीक गुणकांनी गुणून पुढची काढणे, ही युक्ती संगणकाचे श्रम वाचवण्यासाठी आजही वापरली जाते. तिचे बीज ज्योत्पत्तीतील कृतीशी मिळतेजुळते आहे. भास्कराचार्यांनी लाटांचे गणित केले होते असा याचा अर्थ नव्हे. त्यांना ज्या हव्या होत्या त्या ग्रहांसाठी.

ज्यांच्या कोष्टकाचा आणखी एक उपयोग त्यांनी गोलाच्या पृष्ठफळासाठी केला. आवळ्यावर जशा वरून खाली रेषा असतात तशा रेषांनी गोलाचे उभे काप कल्पावयाचे. गोलाचा परिघ ९६ धरला तर मध्यावर एकेका कापाची रुंदी १ येते आणि दोन्ही टोकांकडे ती ज्यांच्या प्रमाणात घटत जाते. सर्व २४ ज्यांची बेरीज करून तीतून अर्धी त्रिज्या वजा करावयाची आणि अर्ध्या त्रिज्येने भागावयाचे, म्हणजे एका कापाचे क्षेत्रफळ ३० पूर्णांक ३३/६० येते. परिघ ९६ असलेल्या वर्तुळाचा व्यासही तेवढाच. म्हणून गोलाचे पृष्ठफळ म्हणजे परिघ गुणिले व्यास. आधीचे ज्योतिषी लल्ल यांनी हे पृष्ठफळ चुकीचे दिले होते. भास्कराचार्यांनी लल्लांच्या ग्रंथावर टीका लिहिली असली तरी येथे त्यांचा दोष स्पष्टपणे दाखवण्यास ते कचरले नाहीत. वक्र पृष्ठभागाचे तुकडे करून बेरजेने क्षेत्रफळ काढण्याची ही रीत आज संख्यात्मक संकलन म्हणून शिकवली जाते.

ग्रहगणित आणि तात्कालिक गती

ग्रहाची एका दिवसातील गती काढून तिचे सारखे भाग केले तर शनी-गुरूसारख्या मंद ग्रहांना फारसा फरक पडत नाही. चंद्राचे तसे नाही. त्याची गती दिवसभरात इतकी पालटते की तिथीचा अंत किंवा ग्रहणाचा स्पर्श काढताना त्या क्षणाचीच गती घ्यावी लागते. या गतीला भास्कराचार्य तात्कालिकी म्हणतात, आणि ज्येतील सूक्ष्म वाढ ही कोटिज्येच्या प्रमाणात असते हा नियम तिच्यासाठी वापरतात. जेथे राशी कमाल होते तेथे तिची वाढ शून्य होते, हेही त्यांनी ओळखले होते. दहाव्या शतकातील मुंजाल यांच्या ग्रंथात अशाच नियमाचा उपयोग आढळतो. पुण्यात जन्मलेले व काशीस अध्यापन करणारे बापूदेवशास्त्री यांनी १८५८ मध्ये या स्थळांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. हे सर्व कलनशास्त्राच्या उंबरठ्यापर्यंत येते. सर्वसाधारण पद्धत म्हणून त्याची उभारणी मात्र तेथे झालेली नाही.

यंत्रे

गोलाध्यायातील यंत्राध्यायात शंकू, चक्र, चाप, यष्टी, घटी आदी वेधयंत्रांचे वर्णन आहे. त्यांपैकी फलकयंत्र ही भास्कराचार्यांची स्वतःची रचना. या फळीवर सूर्याच्या उंचीवरून दिवसाची वेळ काढता येई. म्हणजे वेध घेणे आणि गणित करणे ही दोन्ही कामे एकाच साधनात साधली होती. तरीही त्यांच्या मते सर्वांत श्रेष्ठ यंत्र धीयंत्र, म्हणजे बुद्धी. हातात केवळ एक काठी असली तरी बुद्धिमान मनुष्य तिच्या साहाय्याने झाडाची उंची आणि बांबूचे अंतर काढू शकतो, हे त्यांनी उदाहरणांनी दाखवले आहे.

पाण्याशी संबंधित दोन साधने येथे विशेष उल्लेखनीय आहेत. घटीयंत्र म्हणजे बुडाशी छिद्र असलेले तांब्याचे भांडे. ते पाण्यावर सोडले की ठरावीक वेळाने भरून बुडते. दिवसरात्रीत ६० घटका, म्हणजे एक घटका आजच्या २४ मिनिटांची. दुसरे साधन वक्रनलिका. पाण्याने भरलेल्या बाकदार नळीचे एक टोक भांड्यात आणि दुसरे बाहेर खाली ठेवले तर भांड्यातील पाणी वर चढून आपोआप बाहेर वाहते. कारागीर तिला कुक्कुटनाडी म्हणत. या तत्त्वावर आणि पाऱ्याने भरलेल्या आऱ्यांवर आपोआप फिरत राहणाऱ्या चाकांची कल्पनाही भास्कराचार्यांनी नोंदवली आहे. अशी चाके अखंड फिरू शकत नाहीत हे आज आपण जाणतो. वक्रनलिका मात्र खरी, आणि योगायोग असा की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरुण अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या नोकरीच्या आरंभी धुळे भागातच पांझरेच्या परिसरात नळाने पाटाचे पाणी पार नेले.

करणकुतूहल

वयाच्या ६९ व्या वर्षी, शके ११०५ (इ.स. ११८३) हे आरंभवर्ष धरून, भास्कराचार्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. सिद्धांतग्रंथात गणित कल्पाच्या आरंभापासून, म्हणजे अब्जावधी वर्षांपासून, करावे लागते. पंचांगकर्त्याला एवढे अवजड गुणाकार रोज करणे शक्य नसते. करणग्रंथात जवळचे वर्ष घेऊन तेव्हाची ग्रहस्थाने तयार देतात आणि लहान गुणक-भाजकांनी काम भागवतात. सिद्धांत म्हणजे शास्त्र आणि करण म्हणजे त्याचे रोजच्या वापराचे साधन. हा ग्रंथ पुढे कित्येक शतके पंचांगे करण्यासाठी वापरात राहिला. श्रमलाघवाची हीच दिशा कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ च्या ग्रहलाघवात टोकाला नेली आणि ज्यांचा उपयोगच टाळला. करणकुतूहलानंतर भास्कराचार्यांची कोणतीही कालनिश्चित रचना उपलब्ध नाही.

आख्यायिका आणि प्रचलित समजुती

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या विवाहाचा एकच शुभ मुहूर्त होता. घटीपात्रात तिच्या अलंकारातील मोती पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी पित्याने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही कथा सर्वश्रुत आहे. ही कथा अकबराच्या आज्ञेने १५८७ मध्ये फैजीने केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत प्रथम आढळते. म्हणजे ग्रंथानंतर सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी. (हाच फैजी पुढे १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या राजे अलीखानाकडे आला होता.) मूळ ग्रंथात संबोधने बदलत राहतात, कधी बाले, कधी सखे, कधी गणक मित्र. त्यांवरून एका विशिष्ट कन्येचा बोध होत नाही. शिलालेखात कन्येचा उल्लेख नाही, परंतु अशा लेखांत स्त्रियांची नावे सहसा येत नसल्याने त्यावरून काही सिद्ध होत नाही. कथा हृद्य आहे. तिला इतिहास म्हणून पाठ्यपुस्तकात स्थान देणे मात्र योग्य नव्हे.

भास्कराचार्य उज्जयिनीच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. त्यांच्या स्वतःच्या परिचयात किंवा पाटणच्या लेखात याला आधार नाही.

न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावल्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, तीमुळे आकाशातील जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते आणि ती पडते आहे असे भासते, असा विचार गोलाध्यायात निश्चितपणे आहे. पृथ्वी निराधार कशी राहते, या पुराणकल्पनांविरुद्धच्या वादात तो येतो. पण अंतरानुसार ते आकर्षण किती घटते आणि ग्रहांच्या गतीशी त्याचा संबंध काय, याचे गणित तेथे नाही. चक्रवाल आणि ज्योत्पत्ती यांतील खरे कर्तृत्व बाजूला पडून हेच एक वाक्य भाषणांतून वारंवार सांगितले जावे, ही खेदाची गोष्ट आहे.

ग्रंथांचा प्रसार

सिद्धांतशिरोमणीवर भास्कराचार्यांनी स्वतः वासनाभाष्य लिहिले. वासना म्हणजे उपपत्ती. नियमाचे कारण त्यांनी तेथे दिले आहे. लीलावतीवर गणेश दैवज्ञांची बुद्धिविलासिनी (इ.स. १५४५) आणि बीजगणितावर कृष्ण दैवज्ञांची टीका विशेष मान्य आहे. बीजगणिताचे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४ मध्ये, अताउल्ला रशीदी यांनी केले. लीलावतीचे इंग्रजी भाषांतर जॉन टेलर यांनी १८१६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी कोलब्रुक यांचे लंडनहून आले. मराठी वाचकांना भास्कराचार्यांची शास्त्रीय ओळख शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासाने (१८९६) करून दिली, आणि ना. ह. फडके यांच्या लीलावती पुनर्दर्शन या पुस्तकाने मूळ ग्रंथ आधुनिक रीतीच्या स्पष्टीकरणासह हाती दिला.

स्मृती

भारताचे भास्कर-१ (७ जून १९७९) आणि भास्कर-२ (२० नोव्हेंबर १९८१) हे उपग्रह दोन्ही भास्करांच्या नावाने सोव्हिएत संघातून सोडण्यात आले. दूरचित्रण कॅमेऱ्यांबरोबर त्यांवर सूक्ष्मतरंग किरणमापक बसवला होता आणि त्याद्वारे समुद्रपृष्ठ व त्यावरील बाष्प यांची निरीक्षणे मिळाली. भास्कराचार्यांच्या जन्माच्या नवव्या शताब्दीनिमित्त २०१४ मध्ये ठाणे येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती.

पाटण येथील मठ आज अस्तित्वात नाही. चंडिकेचे हेमाडपंती मंदिर आहे आणि नवरात्रात तेथे भाविकांची मोठी गर्दी होते. जवळच, डोंगरापलीकडे, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतात.